गुडघे किंचित वाकवून

डिसेंबर उजाडला की सोनगीरच काय, साऱ्या खानदेशात शाळांच्या स्नेहसंमेलनांची लगबग सुरू होते. संध्याकाळी ओट्यावर किंवा गच्चीवर मुले मोबाइल भिंतीला टेकवून ठेवतात आणि पडद्यावरच्या नाचाबरहुकूम सराव करू लागतात. गुडघे वाकलेले, खांदे एका तालात, कंबर दुसऱ्याच तालात, आणि पाऊल जमिनीत रुतल्यासारखे पडत असते. खाटेवर बसून हे पाहणाऱ्या आजोबांच्या तोंडून 'हा कसला धांगडधिंगा!' असा उद्गार निघतो. मुले हसतात आणि दार लोटून आत निघून जातात. वाचकहो, ते दार लोटले जाते तेथेच नुकसान होते, असे मला वाटते. मुलांचे थोडे होते; आपले अधिक.

कारण ज्याला आपण धांगडधिंगा म्हणतो त्याला कूळ आहे, व्याकरण आहे आणि मोठा दुःखाचा इतिहासही आहे. शिवाय त्या व्याकरणातील पहिलाच नियम, गुडघे किंचित सैल ठेवून शरीराचा भार खाली जमिनीकडे सोडणे, हा सत्तरी गाठलेल्या माणसाने शिकावा असाच आहे.

हिपहॉप, जॅझ, सांबा, साल्सा, तालुक्याच्या गावांपर्यंत पोहोचलेले झुंबाचे वर्ग आणि शिक्षक ज्याला 'कंटेम्पररी' म्हणतात त्या समकालीन नृत्याची एक मोठी शाखा, या सर्वांची मुळे आफ्रिकेतून दूरदेशी नेल्या गेलेल्या माणसांपर्यंत पोहोचतात. सोळाव्या शतकापासून एकोणिसाव्या शतकापर्यंत सुमारे 1 कोटी 25 लाख आफ्रिकी स्त्री-पुरुषांना गुलाम म्हणून जहाजांत कोंबून अटलांटिक महासागरापलीकडे धाडण्यात आले. त्यांच्या हाती सामान काहीच नव्हते. अंगात मुरलेला ताल मात्र कोणाला काढून घेता आला नाही.

काढून घेण्याचे प्रयत्न झाले. 1739 साली अमेरिकेतील साउथ कॅरोलिना प्रांतात गुलामांनी ढोल वाजवीत बंड केले. पुढच्याच वर्षी तेथील सत्ताधाऱ्यांनी कायदा करून त्यांच्या ढोलांवर बंदी घातली. ढोल गेला तेव्हा माणसांनी टाळ्या, मांड्यांवरच्या थापा आणि टाचांचे ठोके यांतून तोच ताल पुन्हा उभा केला. प्रार्थनेच्या वेळी ही मंडळी गोल रिंगण धरून फिरत. पाऊल उचलून एकावर एक टाकले तर तो नाच ठरे, आणि नाच पाप मानला जाई; म्हणून पाय जमिनीवरून न उचलता घासत, सरकवत ती पुढे जात. ज्यांचे पाय आता उचलत नाहीत अशा आपल्या वाचकांनी येथे क्षणभर थांबावे. उचलले न जाणारे पाऊल हेही नाचाचे पाऊल असू शकते. ब्राझीलच्या बाहिया प्रांतातील रिंगणाच्या सांब्यात तर वयस्क स्त्रियांचा मान मोठा. त्यांची पावले इतकी बारीक सरकतात की घेरदार घागऱ्याखाली ती दिसतही नाहीत. युनेस्कोने 2005 साली या नृत्यप्रकाराला मानवजातीचा अमूर्त वारसा म्हणून गौरविले.

हा वारसा रंगमंचावर आणि वर्गात आणला तो प्रामुख्याने विसाव्या शतकातील काही जिद्दी माणसांनी. त्यांतील कॅथरीन डनहॅम यांचे चरित्र मला नेहमीच विलक्षण वाटत आले आहे. 1909 साली जन्मलेल्या या बाई शिकागो विद्यापीठात मानववंशशास्त्र शिकल्या. 1935-36 साली त्या जमैका, हैती, मार्टिनिक, त्रिनिदाद या बेटांवर जाऊन राहिल्या, तेथील लोकांबरोबर नाचल्या आणि परत येऊन त्यांनी त्या नाचांतून शिकवण्याची एक पद्धतच बांधली. धड, मान, खांदे, कंबर यांना स्वतंत्रपणे हलविण्याचा सराव, आणि त्याच्या जोडीला तो नाच कोणत्या लोकांचा, कोणत्या प्रसंगी, कशासाठी, याचे शिक्षण. दुसरा भाग गाळून पहिला शिकवणे त्यांना मान्य नव्हते. पुढे 1967 साली त्यांनी ईस्ट सेंट लुइस या दारिद्र्याने आणि हिंसेने ग्रासलेल्या शहरात मुलांसाठी कला-प्रशिक्षणाचे केंद्र काढले. उतारवयात गुडघ्यांच्या संधिवाताने त्यांचे चालणे अवघड करून टाकले, तरी त्या खुर्चीत बसून शिकवीत. वयाच्या 82 व्या वर्षी हैतीच्या निर्वासितांसाठी त्यांनी 47 दिवसांचे उपोषण केले. आरोग्याच्या पाक्षिकात अशा उपोषणाचे कौतुक करू नये हे मान्य; पण त्यानंतरही बाई 2006 पर्यंत जगल्या, ही नोंद केल्यावाचून राहवत नाही.

दुसरे नाव ॲल्विन आयली यांचे. 1958 साली त्यांनी न्यूयॉर्कमध्ये आपली नृत्यसंस्था स्थापन केली आणि 1960 साली 'रेव्हेलेशन्स' ही रचना सादर केली. टेक्सासच्या खेड्यातील लहानपणीच्या चर्चच्या आठवणींतून ती उभी राहिली आहे. तिच्या अखेरच्या भागात पिवळे झगे घातलेल्या बायका हातपंखे हलवीत बैठ्या स्टुलांवर बसलेल्या दिसतात. उन्हाळ्याची काहिली, प्रार्थनेला जमलेला बायकांचा मेळा, पंख्यांची लय, मधूनच मान वळवून शेजारणीशी चाललेली कुजबूज, आणि तेवढ्यातून नाच सुरू होतो. वैशाखात सोनगीरच्या ओट्यावर बसलेल्या बायकांना हे चित्र परके वाटण्याचे काही कारण नाही. नातवंडांना मोबाइलवर ही रचना शोधायला सांगावी आणि त्यांच्या शेजारी बसून पाहावी.

एवढे वाचून कोणी म्हणेल, हे सारे सातासमुद्रापलीकडचे. आमचा त्याच्याशी संबंध काय? संबंध बराच जवळचा आहे. धुळ्याहून साक्रीमार्गे नवापूर ओलांडले की गुजरात लागते, आणि पुढे भरूच जिल्ह्यात रतनपूरच्या टेकडीवर बावा गोर यांचा दर्गा आहे. हे सिद्दी समाजाचे श्रद्धास्थान. सिद्दी म्हणजे शतकानुशतके व्यापारी जहाजांतून, कधी सैनिक, कधी खलाशी, पुष्कळदा गुलाम म्हणून पूर्व आफ्रिकेतून आपल्या किनाऱ्यावर आलेल्यांचे वंशज. त्यांच्या नृत्याला धमाल किंवा गोमा म्हणतात. आफ्रिकेतील बांटू भाषांमध्ये ढोलासाठी आणि ढोलावरच्या नाचासाठी 'एन्गोमा' हा शब्द आहे, त्याचेच हे रूप. मुगरमान नावाच्या उभ्या ढोलावर ताल संथ सुरू होतो, चढत जातो, आणि ऐन भरात नर्तक उंच उडविलेला नारळ डोक्यावर झेलून फोडतात. (आपण आपला नारळ देवघरासमोरच फोडावा.) त्यांचे मलुंगा हे धनुष्यासारखे एकतारी वाद्य ब्राझीलमधील बेरिंबाऊचे सख्खे भावंड शोभावे असे आहे. दोन महासागर, दोन खंड आणि वाद्य एकच.

कर्नाटकात उत्तर कन्नड जिल्ह्यातील हल्याळ-यल्लापूरच्या जंगलपट्ट्यात राहणारे सिद्दी मराठीच्या जवळची कोकणी बोलतात, दमाम नावाच्या ढोलावर नाचतात, आणि त्यांच्या बायका फुगडीही घालतात. आपल्या इतिहासातही ही माणसे आहेत. इथिओपियात जन्मून गुलाम म्हणून विकला गेलेला मलिक अंबर निजामशाहीचा वजीर झाला. त्याने 1610 साली वसविलेली खडकी म्हणजे पुढचे औरंगाबाद, आजचे छत्रपती संभाजीनगर. जंजिऱ्याचे सिद्दी तर 1948 पर्यंत राज्य करीत होते. आणि 2023 साली ज्यांना पद्मश्री मिळाली त्या गीर भागातील जांबूरच्या हिराबाई लोबी याही सिद्दीच. वयाने आजी म्हणाव्यात अशा.

येथे एक अप्रिय गोष्ट सांगावीशी वाटते. 'हबशी' हा शब्द आपल्या घरांत आजही काळ्या वर्णाच्या मुलाला चिडवण्यासाठी वापरला जातो, आणि बहुतेकदा तो मोठ्या माणसांच्या तोंडूनच मुलांपर्यंत पोहोचतो. मुळात तो अबिसिनियाच्या, म्हणजे इथिओपियाच्या, रहिवाशाचा निर्देश करणारा साधा शब्द. त्यातील विष आपण घातले. ज्या नातीला रंगावरून असे हिणवले गेले आहे ती व्यासपीठावर आफ्रिकी वंशाच्या लोकांचा नाच करणार असेल, तर तो नाच कोणाचा आहे, हे तिला कोणीतरी आदराने सांगायला हवे. शिक्षक सांगतील न सांगतील. आपण सांगू शकतो.

शिक्षकांनी काय शिकवावे याविषयीही माझे थोडे म्हणणे आहे. संमेलनाला तीन आठवडे उरले असता पडद्यावरून पावले उतरवून घेणे म्हणजे शिकवणे नव्हे. या परंपरेतील नाच आधी कानाने आणि मग पायाने शिकवतात. मुलांना गोल उभे करावे. एकाने बोल टाकावा, इतरांनी झील धरावी. गुडघे सैल, पाठ ताठर नाही, टाच जमिनीला ठाम टेकलेली. टाळीचा एक ताल पक्का झाला की त्यावर पायाचा दुसरा चढवावा. एकाच शरीरात दोन ताल नांदवणे, हा या नाचाचा प्राण आहे आणि तो जमायला वेळ लागतो. ढोलबंदीची गोष्ट, रिंगणाची गोष्ट, बावा गोरच्या टेकडीची गोष्ट सरावाच्या मध्ये दम घेताना सांगता येते. आणि चेहऱ्याला काळा रंग फासून, गवताचे घागरे घालून मुलांना 'आदिवासी' म्हणून उभे करण्याची जी पद्धत काही संमेलनांत दिसते ती तत्काळ थांबवावी. सातपुड्यात होळीला ढोलावर रात्र जागवणारे पावरा आणि भिल्ल बांधव आपलेच शेजारी आहेत. त्यांनाही ही नक्कल सोसावी लागते.

आता आपल्या गुडघ्यांकडे वळू.

वार्धक्यात माणूस एकदा पडला की घरचे धास्तावतात. 'आई, तू उठूच नकोस, काय हवे ते सांग' असे प्रेमाने बजावले जाते. त्या प्रेमातून महिन्या-दोन महिन्यांत मांड्यांचे स्नायू रोडावतात, तोल आणखी बिघडतो, पडण्याची भीती वाढते आणि माणूस खरोखरच पुन्हा पडतो. हे चक्र शुश्रूषा करणाऱ्या प्रत्येकाने ओळखले पाहिजे. जागतिक आरोग्य संघटनेची 2020 ची शिफारस अशी आहे की 65 वर्षांवरील व्यक्तींनी आठवड्यातून किमान 150 मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल करावी आणि त्याखेरीज आठवड्यातून तीन किंवा अधिक दिवस तोल व ताकद वाढविणारे व्यायाम करावेत. ज्यांना एवढे जमत नाही त्यांनी जमेल तेवढे करावे, असेही तेथे म्हटले आहे. व्यायाम म्हटले की कंटाळा येतो. ताल असला की दहा मिनिटे कधी सरली ते कळत नाही, हा साधा व्यवहार आहे.

नृत्याने मेंदूलाही लाभ होत असावा, असे सुचविणारे एक प्रसिद्ध संशोधन 2003 साली न्यूयॉर्कमधून प्रसिद्ध झाले. पंचाहत्तरीपुढील 469 व्यक्तींची काही वर्षे पाहणी केली असता, शारीरिक विरंगुळ्यांपैकी नृत्य करणाऱ्यांमध्येच स्मृतिभ्रंशाचे प्रमाण कमी आढळले. तथापि ज्यांची प्रकृती मुळात चांगली तेच नाचू शकतात, अशीही शक्यता असते. तेव्हा नाचाने विस्मरण टळते अशी हमी कोणी दिली तर ती मानू नये. पार्किन्सन्सच्या बाबतीत अनुभव अधिक ठाम आहे. या आजारात पाऊल जागीच खिळते, आणि बाहेरून ठरावीक ताल ऐकू आला तर ते पुष्कळदा सुटते. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात मार्क मॉरिस यांच्या नृत्यसंस्थेने 2001 साली अशा रुग्णांसाठी वर्ग सुरू केले. आपल्याकडे पुण्यात समकालीन नर्तक हृषीकेश पवार यांनी पार्किन्सन्सच्या रुग्णांना नृत्य शिकवण्याचे काम केले आहे.

सोनगीरला ताल बाहेरून आणावा लागत नाही. तांब्या-पितळेच्या भांड्यांसाठी हे गाव ओळखले जाते, आणि भांडे मठारताना पडणारा हातोडीचा ठोका ज्याच्या कानात लहानपणापासून मुरला आहे त्याला लय शिकवायची गरज नाही. असे काम ज्यांनी आयुष्यभर केले त्यांच्या कानांवर मात्र त्या आवाजाचा परिणाम होतो. अशा ज्येष्ठांसाठी गाणे मोठ्याने लावून उपयोग नाही. ढोलाचा खर्ज त्यांना छातीत आणि तळपायांत जाणवतो. त्यांना ढोलाजवळ, पाय जमिनीला टेकवून बसवावे. श्रवणयंत्र असेल तर त्याचा आवाज थोडा कमी करून ठेवावा.

सुरुवात बसूनच करावी. खुर्ची जड, हात असलेली, भिंतीला टेकवलेली हवी. प्लास्टिकची हलकी खुर्ची नको, ती सरकते. दोन्ही तळपाय जमिनीला पूर्ण टेकले पाहिजेत. टेकत नसतील तर खाली पाट द्यावा. आधी केवळ टाच आपटून ताल धरावा. तो जमला की खांदे, एकदा डावा, एकदा उजवा. मग छाती पुढे, पाठ मागे, अगदी थोडी. मग हात. डनहॅमबाईंच्या वर्गात जे अंग-अंग वेगळे हलवण्याचे शिक्षण होते त्याचेच हे घरगुती रूप समजावे. आठवड्याभराने, ज्यांना उभे राहता येते त्यांनी खुर्चीची पाठ धरून गुडघे किंचित वाकवावे, पुन्हा सरळ करावे, आणि पाय न उचलता उजवीकडे-डावीकडे सरकावे. गुडघे खोल वाकवू नयेत. संधिवात असला तरी बहुतेकांना ही हालचाल सोसते, कारण मांडीचे स्नायू बळकट झाले की गुडघ्यावरचा ताण हलका होतो. दुसऱ्या दिवशी सूज आली किंवा वेदना वाढली तर मात्र प्रमाण कमी करावे.

हाडे ठिसूळ झाली असतील तर कमरेत झटक्याने वाकणे आणि पिळे देणे वर्ज्य. चक्कर येण्याचा त्रास असेल तर गिरक्या वर्ज्य. कानबाईच्या मिरवणुकीत फुगडीसाठी कितीही आग्रह झाला तरी टाळी वाजवूनच समाधान मानावे. रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील तर बसल्यावरून एकदम उठू नये; खुर्चीच्या कडेवर मिनिटभर बसून मग उठावे. मधुमेहाने तळपाय बधिर झाले असतील तर अनवाणी नाचू नये, आणि सैल सपातांत तर मुळीच नाही. लुगड्याच्या निऱ्या घोट्यावर असाव्यात. सतरंजी काढून टाकावी, तिची दुमडलेली कडच माणसाला पाडते. हृदयविकार, पक्षाघात किंवा सांध्याची शस्त्रक्रिया झालेली असेल तर आधी डॉक्टरांना विचारावे. नाचताना बोलता आले पाहिजे. बोलणे तुटू लागले की श्रम जास्त होत आहेत असे समजावे. छातीत दुखणे, भोवळ, धाप यांपैकी काहीही झाले तर लगेच थांबावे, आणि विश्रांतीनेही दुखणे शमले नाही तर दवाखाना गाठावा. मार्चपासून पावसाळ्यापर्यंत आपल्याकडचे ऊन कसे असते ते सांगायला नको. त्या दिवसांत सकाळी आठच्या आत किंवा दिवेलागणीनंतरच हे करावे.

शुश्रूषा करणाऱ्यांना एक विशेष सूचना. स्मृती हरपत चाललेल्या ज्येष्ठांचे पाऊल चुकले तर ते सुधारू नये. त्यांच्या तरुणपणीचे एखादे अहिराणी गाणे लावावे, समोर बसावे आणि ते जे करतील तेच आपण करावे. ज्यांचे एक अंग लुळे पडले आहे त्यांचा चांगला हात वर धरून न ओढता, त्यांनाच पुढाकार घेऊ द्यावा. त्यांना उभे करताना स्वतःची कंबर जपावी. वाकून न उचलता जवळ उभे राहून, गुडघ्यात वाकून आधार द्यावा. शुश्रूषा करणाऱ्याची पाठ धरली तर घरात दोन रुग्ण होतात. आणि शक्य असेल तर त्या दहा मिनिटांत आपणही नाचावे. दिवसभरात स्वतःच्या शरीराकडे पाहायला आपल्याला दुसरी सवड कोणती मिळते?

स्नेहसंमेलनाच्या आधीच्या एखाद्या संध्याकाळी मुलांचा सराव सुरू झाला की मोबाइल बंद करायला सांगावा. घरात पितळेची परात असेलच. ती मांडीवर उपडी घ्यावी, नसेल तर डबा चालेल. चार ठोक्यांचा संथ ताल धरावा, पहिला ठोका जड. मुलांनी दुसऱ्या आणि चौथ्या ठोक्यावर टाळी द्यावी. त्यांना सवय वेगाची असते, त्यामुळे ती घाई करतील आणि टाळी ठोक्याच्या पुढे पळेल. तेव्हा हात थांबवावा आणि त्यांना पुन्हा पहिल्यापासून सुरू करायला लावावे.